कोण येऊन गेलें?

गिरगांवांतल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर भाजणी, मेतकूट, सांडगे व गोडा मसाला विकणारें एक दुकान आहे. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यांना तें ठाऊक आहे ते वासावरूनच ओळखतील, आणि ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्यापुढें जाहिरात मांडण्याचा आमचा हेतु नाहीं. दुकानाचे मालक, ज्यांना सारी चाळ नाना म्हणते, ते आमच्याहून वीस-बावीस वर्षांनीं वडील. त्याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचें बालपण गेलें. खालच्या कढईंत भाजल्या जाणाऱ्या धान्याचा खमंग वास घेत घेत आम्हीं शालान्त परीक्षेचा अभ्यास केला, आणि त्या परीक्षेंत गणितांत जे गुण पडले त्यांचा दोष आम्ही आजतागायत त्या वासावरच ठेवीत आलों आहों. पुढें आम्ही दादरास राहावयास गेलों, महाविद्यालयांत इंग्रजी शिकवूं लागलों, आणि नानांच्या दुकानाशीं असलेला आमचा संबंध दिवाळीच्या आधीं चकलीची भाजणी आणण्यापुरताच उरला.

२०२५ च्या नवरात्रांत एके दिवशीं नानांचा फोन आला. "तूं संध्याकाळीं येऊन जा. पोरानें माझ्यापुढें दोन कागद ठेवले आहेत. एकावर सही करायची आणि दुसरा वाचून पाहायचा. दुसरा सगळा इंग्रजींत आहे." इंग्रजींत लिहिलेला कोणताहि कागद इंग्रजीच्या प्राध्यापकास कळलाच पाहिजे, अशी नानांची प्रामाणिक समजूत आहे. विम्याची पॉलिसी, डॉक्टरचा रिपोर्ट, कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर आलेलें माहितीपत्रक, हें सर्व आम्हीं त्यांना वेळोवेळीं वाचून दाखविलें आहे. आणि न समजलेलें समजल्यासारखें सांगण्याची कला आमच्या व्यवसायानें आम्हांस दिलेली आहेच. तेव्हां आम्ही चर्नी रोडची गाडी पकडली.

कागद पाहिल्यावर प्रकरण उलगडलें. चाळ पाडून तेथें उंच इमारत व्हावयाची आहे. गाळेधारकांपुढें दोन पर्याय होते: कांहीं वर्षांनीं नव्या इमारतींत मागच्या अंगाला एक लहानसा गाळा, किंवा आज रोख रक्कम. नानांच्या चिरंजीवाचें म्हणणें असें कीं, रक्कम घ्यावी, वसईकडे जागा पाहून माल तेथें तयार करावा, आणि विक्री सर्वस्वी दुकानाच्या वेबसाइटवरून करावी. मुलगा कर्तबगार आहे. ती वेबसाइट त्यानेंच उभी केली आहे. दुसरा कागद हा त्याच्या म्हणण्याचा पुरावा होता. मागील महिन्यांत त्या वेबसाइटवर किती माणसें आलीं, कोणत्या गांवाहून आलीं, किती वेळ थांबलीं, कोणत्या वाटेनें आलीं आणि कोणत्या पानावरून निघून गेलीं, याचा तो तक्ता होता. आंकडा हजारांच्या घरांत होता. त्याच्या शेजारीं मुलानें शिसपेन्सिलीनें प्रत्यक्ष दुकानांत येणाऱ्या माणसांचा अंदाज मांडला होता, आणि तो आंकडा बिचारा थोरल्या भावाशेजारीं उभ्या केलेल्या धाकट्यासारखा दिसत होता.

"काका, बाबा इथें गल्ल्यावर बसून वाट पाहतात, आणि तिकडे माणसें रात्रीं दोन वाजतां सुद्धां येत असतात," मुलगा म्हणाला.

वेबसाइटला आतां मराठींत संकेतस्थळ म्हणतात. हा शब्द ज्यानें रूढ केला त्यानें संस्कृत काव्यशास्त्र वाचलें होतें कीं नाहीं न कळे. पण त्या शास्त्रांत संकेतस्थान म्हणजे प्रेमी जनांनीं गुपचूप भेटण्यासाठीं ठरविलेली जागा. आठ प्रकारच्या नायिका सांगितल्या आहेत, त्यांत विप्रलब्धा म्हणून एक आहे. ती ठरल्या जागीं जाऊन थांबते आणि प्रियकर येतच नाहीं. पान हाललें तरी तिला पाऊल वाजल्याचा भास होतो. नानांच्या मुलाच्या तक्त्यांत खरीं पावलें किती आणि पानांची सळसळ किती, हें पाहण्याचें काम त्या संध्याकाळीं आमच्या गळ्यांत पडलें. आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नव्हतें, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली, कागद घरीं आणला, आणि या वयांत एक नवें शास्त्र शिकावयास बसलों.

ही मोजणी जवळजवळ संकेतस्थळांइतकीच जुनी आहे. १९९० नंतरच्या दशकांत, ज्या यंत्रावर संकेतस्थळ ठेवलेलें असे तें यंत्र आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ रोजनाम्यांत टिपून ठेवी, आणि त्या ओळी मोजून मालक खूष होत. पण पानावर बारा चित्रें असलीं म्हणजे पान एक व चित्रें बारा अशा तेरा मागण्या नोंदल्या जात. माणूस एक येऊन जाई आणि वहींत तेरा दिसत. दुसरी अडचण अशी कीं, यंत्राला स्मरण नव्हतें. आतां आलेला आणि मघां येऊन गेलेला हा एकच कीं दोघे, हें त्यास कळत नसे. १९९४ मध्यें नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुणानें त्यावर तोड काढली: येणाऱ्याच्याच यंत्रांत एक लहानशी चिठ्ठी ठेवून द्यावी, आणि तो पुन्हां आला कीं ती वाचून पाहावी. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. नानांना हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिशवींत राहिलेली आपल्या दुकानाची पुडी." याहून चांगली व्याख्या आम्हांस कोठें आढळली नाहीं. २००५ मध्यें गूगलनें अर्चिन नांवाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मोजणीचें हें साधन सर्वांस फुकट दिलें. तेव्हांपासून वर्तमानपत्रांपासून भाजणीवाल्यांपर्यंत असंख्य लोक याच तराजूनें आपलीं माणसें मोजूं लागले. "तराजू फुकट कां?" असा प्रश्न नानांनीं विचारला. दुकानदाराचाच तो प्रश्न. आम्हांस सुचला नव्हता. ज्याच्या मिळकतीचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, त्याला दुकानदारानें रोज माणसें मोजावींत, तीं कमी भरलीं कीं कष्टी व्हावें आणि आणखी जाहिरात द्यावी, हें सोयीचेंच आहे.

तक्त्यांत गांवांची यादी होती. पहिलें मुंबई आणि दुसरें ॲशबर्न. या दुसऱ्या नांवाखालीं मुलानें दोन रेघा ओढल्या होत्या. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांतलें हें गांव वॉशिंग्टनपासून फार दूर नाहीं, आणि त्या बाजूला मराठी कुटुंबें बरींच आहेत. तेव्हां दिवाळीच्या आधीं तिकडे भाजणी व मेतकूट रवाना करण्याची योजना मुलानें आंखली होती; डॉलरमध्यें भावहि लावला होता. पोटोमॅकच्या कांठीं कोणी तरी गिरगांवच्या चकलीसाठीं झुरत आहे, या कल्पनेनें आम्हांलाहि क्षणभर भरून आलें. परंतु त्या ॲशबर्नच्या मंडळींनीं आजवर एक पुडी मागविली नव्हती, आणि पानावर आल्या आल्या तीं निघून जात. शोध घेतां कळलें तें असें: ॲशबर्न हें गांव संगणकांच्या प्रचंड गोदामांसाठीं जगांत प्रसिद्ध आहे. अशा गोदामांत बसून असंख्य यंत्रें रात्रंदिवस दुनियेचीं संकेतस्थळें चाळीत असतात. कोणी शोधाची सूची करण्यासाठीं, कोणी भाव टिपण्यासाठीं, कोणी अलीकडे बोलत्या यंत्रांना भाषा शिकविण्याकरितां मजकूर गोळा करण्यासाठीं. मोजणीचें साधन ओळखीचीं यंत्रें गाळून टाकतें; पण जीं आपली ओळख लपवितात तीं माणसांत मोजलीं जातात. नानांच्या उपवासाच्या भाजणीची कृति त्यांतील एखाद्या यंत्राला आतां मुखोद्गत असेल. उपवास मात्र त्यास कधीं घडावयाचा नाहीं.

हें वाचतांना आम्हांस आमचा वर्ग आठवला. पंचवीस वर्षांवर आम्ही हजेरी घेत आहों. ऐंशी वेळां 'येस सर' ऐकूं यावें आणि मान वर करून पाहावें तों बांकांवर डोकीं पन्नास! उरलेले तीस आवाज कोठून आले, हें ज्यांना महाविद्यालयाचा अनुभव आहे त्यांना सांगावयास नको. परीक्षेस बसण्यासाठीं हजेरीची अट कडक होत गेली तसतसा हजेरीचा आंकडा वाढला. ऐकणारे वाढले नाहींत. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ मध्यें पैशाच्या धोरणासंबंधीं लिहितांना सांगितलें आहे कीं, एखाद्या मोजमापाचा नियंत्रणासाठीं वापर सुरू झाला कीं तें भरंवशाचें राहत नाहीं. आमचा वर्ग त्यांनीं पाहिलेला नव्हता.

मुंबईला एकंदरीनें मोठ्या आंकड्यांची हौस आहे. लालबागच्या राजाच्या दर्शनाला, १९३४ सालीं बसलेल्या त्या गणपतीला, येणाऱ्यांची संख्या लाखांनीं सांगतात. ती कोणी मोजली हें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंहि नये. कारण त्या आंकड्यावरून कोणी आपला गाळा सोडून द्यावयास निघालेला नसतो.

पहिल्या नांवाची, म्हणजे मुंबईचीहि गोष्ट वाटली तितकी सरळ नव्हती. गांव ओळखतात तें येणाऱ्याच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून. आणि मोबाईलवरून येणाऱ्याचा पत्ता पुष्कळदां कंपनीचें मोठें केंद्र जेथें असेल त्या शहराचा निघतो. सातारा जिल्ह्यांत बसून भाजणीचा भाव पाहणारी बाई तक्त्यांत मुंबईकर ठरूं शकते. वेळेचाहि हिशेब असाच. अर्धा तास कांहीं हालचाल झाली नाहीं कीं यंत्राच्या लेखीं भेट संपली. भाजणी निवडतां निवडतां नळाला पाणी आलें, बाई पाणी भरावयास उठली, भरून, गाळून, झांकण ठेवून परत आली, कीं ती दुसरी भेट. ॲपलच्या सफारीनें २०१९ पासून अशा मोजणीच्या चिठ्ठ्यांचें आयुष्य सात दिवसांवर आणलें. त्यामुळें दर पंधरवड्याला आयफोनवरून डोकावणारें जुनें गिऱ्हाईक प्रत्येक वेळीं नवें म्हणून नोंदलें जातें. उलट, एकाच फोनवर सासू, सून आणि नात अशा तिघी पाहून गेल्या तरी माणूस एकच. 'नवे पाहुणे' या सदरांतील भल्या मोठ्या आंकड्यापुढें मुलानें उद्गारचिन्ह काढलें होतें. तें आम्हीं खोडरबरानें पुसलें.

येथें आमच्या स्वतःच्या एका फजितीचा उल्लेख करणें न्यायाचें होईल. वर्षापूर्वी मुलाच्या आग्रहावरून आम्हीं 'भाजणी आणि बालपण' असा एक लहानसा लेख त्या संकेतस्थळासाठीं लिहून दिला होता. तक्त्याच्या तळाशीं त्या लेखाला एका महिन्यांत आलेल्या वाचकांची संख्या होती: एकवीस. वर्षानंतरहि एकवीस! आमच्या इंग्रजी निबंधांना सबंध आयुष्यांत इतके वाचक मिळाले नसतील. त्या आनंदांत दोन दिवस गेले. मग हें शास्त्र जसजसें कळूं लागलें तसतसा एक एक वाचक गळूं लागला. घरच्या संगणकावरून आम्ही, महाविद्यालयाच्या संगणकावरून आम्ही, मोबाईलवरून आम्ही, पत्नीच्या मोबाईलवरून पुन्हां आम्हीच, आणि आठवडा उलटल्यावर यांतले कांहीं आम्ही नव्यानें. उरलेल्यांत ॲशबर्नचे किती, हें आम्हीं पाहिलें नाहीं.

'कोणत्या वाटेनें आले' या सदरांत सर्वांत मोठा आंकडा 'डायरेक्ट' या शब्दापुढें होता. मुलाचा अर्थ असा: लोकांना दुकानाचें नांव पाठ आहे, ते थेट तें टाइप करून येतात, नांव इतकें झालें आहे कीं आतां गिरगांवच्या गाळ्याची गरज नाहीं. शब्द इंग्रजी असल्यामुळें निदान येथें तरी आमचा अधिकार चालेल असें आम्हांस वाटलें. पण इंग्रजी येणें उलट नडलें. या तक्त्याच्या भाषेंत डायरेक्ट म्हणजे 'थेट' नव्हे, 'ठाऊक नाहीं'. कोठून आला याचा माग ज्याच्यामागें लागत नाहीं तो डायरेक्ट. व्हॉट्सॲपवर कोणी दुवा पाठविला आणि तो दाबून कोणी आलें, कीं तें बहुधा याच सदरांत पडतें. गिरगांवांतलीं मराठी कुटुंबें गेल्या कित्येक दशकांत बोरिवली, डोंबिवली, वसई, विरार अशी पांगत गेलीं. जिभा मात्र येथेंच राहिल्या. बोरिवलीच्या वहिनींनीं डोंबिवलीच्या नणंदेला सांगावें, तिनें आपल्या विहिणीला, विहिणीनें शेजारणीला, अशा तऱ्हेनें नानांच्या वडिलांपासून हा धंदा चालत आला आहे. तो सारा गोतावळा त्या तक्त्यांत एका परक्या शब्दाखालीं गाडला गेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आम्ही पुन्हां गिरगांवांत गेलों. आमचें म्हणणें ऐकून मुलगा रागावला नाहीं, हें त्याच्या भूषणास्पद आहे. तो म्हणाला, "काका, अर्धे आंकडे खोटे धरले तरी उरलेले खरे आहेत ना? मग हें बघा." त्यानें संगणक आमच्याकडे वळविला. संकेतस्थळावर आलेल्या माणसाची हालचाल टिपून ठेवणारें आणखी एक साधन त्यानें बसविलें होतें. नांव-गांव दिसत नाहीं; पण पडद्यावर त्या माणसाचा बाण कसकसा फिरला तें जसेंच्या तसें पुन्हां पाहतां येतें. रात्रीं एक वाजून गेल्यावर कोणी तरी आलें होतें. बाण चकलीच्या भाजणीवर गेला. एक किलो निवडलें. टपालखर्च मिळवून बेरीज झाली तेथें बाण बराच वेळ स्तब्ध राहिला. मग एकाचें अर्धें झालें. पुन्हां बेरीज. मग पाव. बाण पाव किलोच्या भाजणीभोवतीं दोनदां फिरला, एकदां पत्त्याच्या पानावर जाऊन आला, आणि पडदा मिटला.

"इथें आपण गिऱ्हाईक घालवलें," मुलगा म्हणाला. "नेमकें इथें सवलतीची पाटी झळकली पाहिजे."

आम्ही त्या बाणाकडे पाहत राहिलों होतों. खरें सांगावयाचें तर आम्हांस तो प्रकार फार मनोरंजक वाटूं लागला होता. आणखी एक दाखव, असें आम्ही म्हणणारहि होतों. नाना मात्र मान फिरवून रस्त्याकडे पाहत होते. थोड्या वेळानें म्हणाले, "बाई पर्स उघडून पैसे मोजायला लागली कीं मी मागच्या फळीवरचे डबे सारखे करतों. तुझ्या आजोबांनीं मला शिकवलें. तिला वाटतां कामा नये कीं आपण पाहतों आहोंत." मग मुलाला म्हणाले, "तें बंद कर." आमच्या देशांत २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि युरोपांत तसा कायदा २०१८ पासूनच अंमलांत आहे; हें आम्ही नुकतेंच वाचून गेलों होतों, आणि त्यावर पांच मिनिटें बोलावें अशी तयारीहि केली होती. ती वायां गेली. मुलानें तें साधन त्याच रात्रीं काढून टाकलें.

पण तो बाण जातां जातां पत्त्याच्या पानावर जाऊन आला होता, एवढी एक गोष्ट आमच्या मनांत राहिली. कारण तक्त्यांत सर्वांत अधिक पाहिलें गेलेलें पान तेंच होतें, आणि तेंच मुलानें तांबड्या शाईनें खुडून काढावयाचें ठरविलें होतें. त्याचें कारण 'बाउन्स'. चेंडू जमिनीवर आपटून जसा उसळून परततो, तसा जो माणूस येतो आणि त्या एका पानावरूनच परत जातो, तो बाउन्स. जुन्या पद्धतींत, जी १ जुलै २०२३ पासून बंद झाली, अशा माणसाचा थांबलेला वेळ शून्य धरीत. कारण पहिलें पान केव्हां सोडलें हें दुसरें पान उघडल्याशिवाय यंत्राला कळत नसे. नव्या पद्धतींत दहा सेकंदांहून अधिक वेळ थांबावें, किंवा दुसरें पान उघडावें, किंवा मालकानें महत्त्वाची म्हणून ठरविलेली एखादी गोष्ट, जशी खरेदी, करावी. यांतलें कांहींच केलें नाहीं तर त्या माणसाला रस नव्हता असें समजतात. दुकानाचा पत्ता आणि वेळ वाचावयास पांच सेकंद पुरतात. म्हणून त्या पानावर आलेले बहुतेक लोक तक्त्यांत नापास होते.

आम्ही हें नानांना समजावून सांगत होतों. ते मध्येंच म्हणाले, "अरे, पत्ता बघून माणूस काय करील? तिथेंच बसून राहील काय? निघेल ना यायला!"

आम्ही आणि मुलगा एकमेकांकडे पाहूं लागलों. आठ दिवस आम्ही ज्या शास्त्रांत बुडालों होतों त्यांत हें वाक्य कोठेंच नव्हतें.

तथापि नुसत्या वाक्यावर गाळ्याचा निकाल कसा लावावा? मुलानें पुरावा मागितला आणि तें योग्यच होतें. अखेर शंभर पानी शाळेची वही आणली आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुकानांत येणाऱ्या प्रत्येकाला कोठून आलांत आणि कसें कळलें, तें विचारून लिहावयाचें असें ठरलें. नानांना पहिले दोन दिवस फार संकोच वाटला. "घरांत आलेल्या माणसाला कां आलांत असें विचारायचें का?" मग त्यांनीं आपली रीत काढली: तोलतां तोलतां, "कसें काय येणें केलेंत इकडे?" आणि लोक सांगत सुटले. ती वही आम्हीं पुढें दोन संध्याकाळीं बसून वाचली. 'नालासोपारा. सुनेनें मोबाईलवर पाहिलें, सोमवारीं बंद, म्हणून आज.' 'ठाकुरद्वार. नेहमींच्या.' 'ठाणें. भाव वेबसाइटवर पाहिला, पण वास घेतल्याशिवाय घेणार नाहीं म्हणाले.' 'परळ. आई जाऊन वर्ष झालें, ती येथूनच नेत असे. पत्ता शोधून आला.' 'विचारलें नाहीं. रडवेल्या दिसल्या.' मोजून पाहिलें तेव्हां दर तिघांत सुमारें एक जण दुकान उघडें आहे का, हें संकेतस्थळावर पाहून आलेला होता. तक्त्यांतले नापास ते हे.

मुलगा एवढ्यानें गप्प बसला नाहीं. तो म्हणाला, "काका, ही गर्दी दिवाळीची आहे. आणि मेट्रोहि आतांच सुरू झाली." तेंहि खरें होतें. जगन्नाथ शंकरशेट मार्गावर कित्येक वर्षें मेट्रोचे पत्रे उभे होते, आणि त्या पत्र्यांआड येथल्या दुकानदारांनीं काय सोसलें तें तेच जाणोत. २०२५ च्या ऑक्टोबरांत गिरगांव स्टेशन उघडलें. आम्ही स्वतः वही वाचावयास दादरहून त्याच भुयारांतून गेलों. तेव्हां वहींतल्या माणसांपैकीं दिवाळीनें किती आणलीं, मेट्रोनें किती, आणि भाजणीनें किती, हें वेगळें काढणें आम्हांस साधलें नाहीं. मग मुलानें संकेतस्थळावरील खऱ्या मागण्यांची यादी काढली. तिच्यांत नांवें आणि पत्ते होते. नाना चष्मा लावून बसले आणि एकेका नांवावर बोट ठेवूं लागले: ही फणसवाडींतली, लग्न होऊन मुलुंडला गेली, हा वरच्या मजल्यावरचा, आतां पुण्याला, ही नाहीं ओळखीची, ही खोताच्या वाडीजवळ राहत होती, हिच्या सासऱ्यांना तिखट चालत नसे. निम्मीं नांवें त्यांच्या ओळखीचीं निघालीं. मुलगा शेजारीं उभा राहून ऐकत होता. ज्यांना तो चार वर्षें ऑनलाइन गिऱ्हाइकें म्हणत आला होता तीं याच उंबऱ्यावरून गेलेलीं होतीं. त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं. फक्त यादीच्या मार्जिनमध्यें वडील सांगत होते तें लिहून घेऊं लागला.

भाऊबीजेनंतर नानांनीं गाळ्याच्या कागदावर सही केली. ती शहाणपणाची झाली कीं नाहीं, हें इमारत उभी राहीपर्यंत कळावयाचें नाहीं, आणि नानांचें वय लक्षांत घेतां त्या प्रश्नाला धार आहे. आम्हीं त्यांना सही करा असें सांगितलें नाहीं आणि करूं नका असेंहि सांगितलें नाहीं. रात्रीं झोंप न लागण्याइतकें मात्र तें आमच्या मनाला लागून राहिलें होतें. मधल्या वर्षांसाठीं मुलानें वसईची जागा भाड्यानें घेतली आहे. पत्त्याचें पान खुडलें तर नाहींच, तें आतां पहिल्या पानावर आलें आहे, आणि 'सोमवारीं बंद' हीं अक्षरें इतकीं ठळक केलीं आहेत कीं नानांनाहि चष्म्यावांचून वाचतां येतात. मागणी नोंदवितांना 'आमच्याविषयीं कोणाकडून कळलें?' असा एक रिकामा चौकोन मुलानें जोडला आहे. पुष्कळ बायका त्यांत नुसतें 'आई' असें लिहितात.

मागच्या आठवड्यांत आम्ही गेलों होतों तेव्हां नवा तक्ता टेबलावर पडलेला होता. ॲशबर्न अजून दुसरेंच. डॉलरचा भाव आतां काढून टाकूं का, असें मुलानें विचारलें. नाना मेतकुटाच्या पुड्या बांधीत होते.

"राहूं दे," ते म्हणाले. "एवढीं यंत्रें आहेत म्हणतोस, तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला रात्रपाळीला कोणी तरी माणूस असेलच कीं. त्याला भूक लागत असेल."